सोमवार-गुरुवारचा उंदीर

१

बाळाच्या कपड्यांवर भुकटी पडली होती.

मागच्या खोलीत भिंतीला लागून एक दांडगं, गडद तपकिरी कपाट उभं होतं. त्याचा कमरेच्या उंचीचा उघडा कप्पा सुनेने गेल्याच आठवड्यात रिकामा केला होता आणि त्यात झबली, टोपडी, मुठीएवढे मोजे नीट घड्या घालून लावून ठेवले होते. बाळ यायला तीन आठवडे होते. शुक्रवारी सकाळी तिने सहज म्हणून एक झबलं उचललं, झटकलं, आणि उजेडात पांढरी धूळ भुरभुरली.

"अहो! इकडे या आधी!"

छोटू दाढी अर्धवट टाकून धावला. छोटू हे त्याचं घरातलं नाव. आता तो दारातून जाताना मान वाकवत असे, पण नाव काही वाढलं नव्हतं. त्याच्या मागून त्याचे वडील, म्हणजे दादा आले आणि दादांच्या मागून त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या.

"भुंगा लागला कपाटाला," छोटूने निदान केलं. "लाकूड पोखरतो तो भुंगा. आतून सगळं पोकळ झालं असणार."

"माझ्या कपाटाला?" दादा कडाडले. त्यांनी आयुष्यभर बोटी बांधण्याच्या कारखान्यात सुतारकाम केलं होतं आणि हे कपाट त्यांनी छोटूच्या जन्माच्या वेळी स्वतःच्या हाताने बनवलं होतं. "या लाकडात भुंग्याचे दात मोडतील!"

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. त्या घरीच शिवणकाम करत. गळ्यात मापाची टेप होती आणि तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून त्या म्हणाल्या, "सांगू की नको असं झालंय. पण तुमच्या मागच्या खोलीत उंदीर झालेत. चूं चूं चालू असतं वरती. काल तर इतकं ओरडत होते की माझी बाहीच उलटी शिवली गेली."

सून खाली बसली. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"भुंगा, उंदीर," छोटू पुटपुटला आणि जबड्याखाली, डावीकडे खाजवू लागला. तिथे लालसर चट्टा होता. "आणि वर हे डास. चावून चावून हैराण केलंय."

"डास कसले, ढेकूण असतील," काकू म्हणाल्या. त्या सहज बोलून गेल्या, पण छोटूने खाजवणारा हात झटकन मागे घेतला.

२

छोटू बस आगारात वेळापत्रक सांभाळायचा. अमुक गाडी किती वाजता सुटली आणि किती मिनिटं उशिरा आली, हे लिहिण्यात त्याची सोळा वर्षं गेली होती. संकट आलं की तो कागदावर रकाने आखायचा. दुपारपर्यंत पेस्ट कंट्रोलच्या तीन सेवांना फोन झाले होते आणि जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला होता: कीटक कोणते सांगितले, औषध कोणतं, घर किती दिवस सोडायचं, गॅरंटी किती.

"आत्या, माणसं आली की तू बोल त्यांच्याशी," तो म्हणाला. "तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही."

ते खरं होतं. आत्याने चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लोक वाचतात ते जे असायला हवं ते. मुद्रित तपासणाऱ्याला जे आहे ते वाचावं लागतं. निवृत्त झाल्यावरही ही खोड गेली नव्हती. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या चिठ्ठ्या, माणसांचे चेहरे, सगळीकडे तिला चुकीचं अक्षर आधी दिसायचं.

आणि आज सकाळपासून तिला कुठेतरी एक अक्षर चुकलेलं दिसत होतं. कुठलं, ते मात्र सापडत नव्हतं.

शनिवारी सकाळी पहिला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, हातात काचेच्या पाटीसारखा टॅब. आत्याने मनातल्या मनात त्याचं नाव टायवाला ठेवलं. तो मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशीच थांबला, भुकटीचा एक फोटो काढला आणि म्हणाला, "भुंगा. प्रगत अवस्था. उंदीरही आहेत, आवाज येतो म्हणालात ना? आणि साहेबांच्या मानेवर ढेकणांची खूण आहे. आपण संपूर्ण कवच योजना घेऊ."

"उंदराच्या लेंड्या कुठे दिसल्या तुम्हाला?" आत्याने विचारलं.

"मॅडम, आजकालचे उंदीर फार हुशार असतात."

"घरात पोटुशी बाई आहे. औषध कोणतं मारणार?"

"कंपनीचं गुपित आहे ते. पण सुगंधी असतं."

जमिनीला भोकं पाडायची, घर तीन दिवस सोडायचं आणि कपाट फोडून बाहेर न्यायचं, असा त्याचा बेत होता. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत सही झाली तर पुढच्या आठवड्यात काम. नाहीतर नंबर थेट पुढच्या महिन्यात, म्हणजे बाळ आल्यावर.

कपाट फोडायचं म्हटल्यावर दादा काहीच बोलले नाहीत. ते आपले बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आत्याला त्यांचं ओरडणं सवयीचं होतं. हे गप्प राहणं मात्र तिच्या काळजाला लागलं.

३

दुपारी दुसरा आला. पाठीवर पितळी पंप, तोंडाचा पट्टा अखंड चालू. हे पिचकारीकाका. त्यांनी अख्खं घर फिरून पाहिलं खरं, पण बोलण्याच्या नादात पाहिलं किती ते देव जाणे. मागच्या खोलीत कपाटावर गुंडाळलेली गादी होती. तिच्या कडेला अडकलेला एक लांबच लांब पांढरा केस त्यांनी ओढून काढला.

"ही बघा, उंदराची मिशी!"

आत्याने तो केस चिमटीत धरला. हातभर लांब, जाड, सरळसोट. "एवढी मिशी असलेला उंदीर असता," ती म्हणाली, "तर त्याने एव्हाना घरावर स्वतःच्या नावाची पाटी लावली असती."

पिचकारीकाका खो खो हसले, पण निदान बदललं नाही. सगळीकडे फवारा मारू, वास दोन दिवसांत जातो, खिडक्या उघड्या ठेवा, झालं. औषधाचं नाव त्यांनी सांगितलं. पोटुशा बाईला ते चालतं का, यावर मात्र ते पहिल्यांदाच अडखळले.

आत्याने तो केस कागदात गुंडाळून ठेवला. घरात एवढा लांब पांढरा केस कुणाचाच नव्हता. तिचे स्वतःचे कानाच्या वर कापलेले, दादांना टक्कल, सुनेचे काळेभोर. काकूंचे काळे होते, मग ते कसे का काळे असेनात.

रविवारी छोटूने तक्ता भरला. टायवाल्याच्या रकान्यात सगळ्यात जास्त बरोबरच्या खुणा होत्या.

"यालाच देऊ," तो म्हणाला. "सगळ्यांत जास्त कीटक यानेच शोधलेत."

"अरे, जास्त शोधले की जास्त सांगितले?" आत्या म्हणाली.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. टायवाल्याची जाहिरातपत्रकं गेल्या बुधवारीच इमारतीच्या प्रत्येक पेटीत पडली होती. भुकटी दिसली शुक्रवारी. कुणीतरी ती मुद्दाम आणून टाकली तर नव्हती?

पण कशी? तो तर पहिल्यांदाच घरात आला होता, आणि तेही उंबऱ्यापर्यंत. कुलूप शाबूत, खिडकी बंद. म्हणजे ज्याने टाकली, त्याच्याकडे घराची किल्ली होती.

किल्ल्या चार होत्या. चारही घरच्यांकडे.

४

तिसरी मंगळवारी आली. हिरवा साधा अंगरखा, कपाळावर बॅटरी बांधलेली, हातात छोटा आरसा. दारातच चपला काढल्या आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "अर्धा तास माझ्याशी कुणी बोलू नका, चालेल?"

आत्याला ती तिथेच आवडली.

बॅटरीवाली गुडघ्यांवर रांगत फिरली. कपाटाखाली आरसा सरकवला, लाकडावर बोटांनी टकटक केलं, पलंगाच्या शिवणी उलगडून बघितल्या. सिंकखाली मात्र ती बराच वेळ थांबली. मग हात पुसत टेबलाशी येऊन बसली.

"कपाटाला एकही भोक नाही. भुंगा बाहेर पडला की टाचणीच्या डोक्याएवढं भोक ठेवून जातो. आणि तपकिरी लाकडाचा भुसा तपकिरी असतो, पांढरा नाही."

"ऐकलंत?" दादा टेबलावर हात आपटून म्हणाले. चार दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच घरात घुमला.

"उंदीर नाहीत. लेंड्या नाहीत, कुरतडलेलं काही नाही. तुमच्या त्या खोलीत बिस्किटांचा पुडा उघडा पडलाय आणि बिस्किटं शाबूत आहेत. ढेकूणही नाहीत. साहेब, ढेकूण तुम्हालाच आणि रोज त्याच एका जागी चावतात, आणि शेजारी झोपलेल्या ताईंना सोडून देतात?"

छोटूने चट्ट्यावर हात ठेवला. "मग... डास?"

"डास असेल तर त्याने तुमच्या मानेवर घरच केलंय." ती हसली. "सिंकखाली झुरळं मात्र आहेत. पाइप गळतोय, ओलीमुळे आली. पाइप दुरुस्त करून घ्या. मी फटी बुजवून आत पेस्टचे ठिपके लावीन. फवारा मारणार नाही. औषधाचं नाव लिहून देते, ताईंच्या डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणाले तरच मी काम करीन."

"आणि खोलीतल्या आवाजाचं काय?" सुनेने विचारलं.

बॅटरीवाली जरा घुटमळली. "त्या खोलीच्या खिडकीच्या फटींत आतून चिंध्या कोंबल्यात. घट्ट, व्यवस्थित घड्या करून. उंदीर असलं काम करत नाहीत, ताई. तुमच्याकडे जे काही आहे," तिने बॅटरी बंद केली, "त्याला पाय दोन आहेत."

५

बुधवारी आत्याने एकेकाला गाठलं.

काकूंकडे ती चहाच्या वेळी गेली. "मला तो आवाज नक्कल करून दाखवा," ती म्हणाली.

काकू लाजल्या, मग शिलाई मशीन थांबवून त्यांनी ओठ चंबूसारखे केले. "चूं... चूं... चूंऽ... असं एकेक पायरी वर चढतं. मग तसंच खाली उतरतं. मग जरा थांबतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी मध्येच अडखळतं, की परत खालपासून सुरू."

"कधी येतो आवाज?"

काकूंनी मापांची वही उघडली. त्यांनी बाहीच्या आणि कमरेच्या मापांशेजारी बारीक अक्षरात नोंद केली होती. सोमवार, सव्वातीन. गुरुवार, सव्वातीन. पुन्हा सोमवार. पुन्हा गुरुवार. परवाचा सोमवारही होता. तीन आठवडे झाले, त्यात एकदाही मंगळवार नव्हता.

"उंदीर मोठा वक्तशीर दिसतोय," आत्या म्हणाली.

मग दादा. ते पोलिश घेऊन कपाटाची कड चोळत बसले होते.

"सोमवारी आणि गुरुवारी दुपारी कुठे असतोस रे दादा?"

"रोज दुपारी बागेत असतो. बुद्धिबळ. तुला काय माझ्यावर संशय आहे?" आणि मग हळूच, "फोडणार का गं हे?"

"मी असेपर्यंत नाही," आत्या म्हणाली, आणि आपण केवढं मोठं वचन देऊन बसलो हे तिला नंतर कळलं.

सुनेशी बोलणं सगळ्यात अवघड होतं. कारण आत्याच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला होता, आणि त्याची तिला स्वतःलाच लाज वाटत होती. सून पाळणा ठेवायला जागा शोधत होती. कपाट गेलं तर जागा होणार होती.

सुनेने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. "आत्या, मीच भुकटी टाकली असं वाटतंय का तुम्हाला?"

"वाटून गेलं एकदा. माफ कर."

"मला ते हलवायचं होतं. दोन फूट डावीकडे. दादांना सांगायचा धीर होत नव्हता, एवढंच." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही. "ते फोडायची कल्पना माझी नाही हो. आणि सोमवार-गुरुवार तीन ते चार माझा बाळंतपणाच्या व्यायामाचा वर्ग असतो. बारा बायका साक्षीला आहेत, बाराही माझ्याएवढ्याच गोल."

आत्या स्वतः त्याच दोन दिवशी वाचनालयात मदतीला जायची.

राहिला छोटू. तो संध्याकाळी तक्त्याची सुधारित प्रत घेऊन आला. "आत्या, बघ जरा. उद्या सहाला टायवाल्याचा माणूस सही घ्यायला येतोय. मला ती तिसरी पटते, पण तिच्याकडे उंदरांवर उपायच नाही! आवाज तर येतोय ना? काकू खोटं कशाला बोलतील? माझं बाळ त्या खोलीत झोपणार आहे. मला झोप नाही लागत गं."

त्याची काळजी खरी होती. अगदी डोळ्यांत उतरलेली. आत्याने कागद घेताना त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. चार बोटांच्या टोकांवर बारीक, सरळ रेघांचे घट्टे पडले होते, जणू कुणी दोऱ्याने दाबत असावं.

"उद्या ड्यूटी कधीची?"

"सकाळची. पण गुरुवार ना, हजेरीपट लावायचा असतो. पाच वाजतील यायला. सोमवारसारखंच."

तो गेल्यावर आत्याने कपाटाच्या कप्प्यातून एका चमच्यात टिपून ठेवलेली भुकटी काढली आणि चिमटीत घेऊन चोळली. भुसा असता तर तो सरसर निसटला असता. ही बोटांना चिकटली. तिने बोटं नाकाशी नेली.

आणि आत्या एकटीच, भर संध्याकाळी, स्वयंपाकघरात उभी राहून खुदकन हसली.

६

गुरुवारी तीन वाजता काकूंच्या शिवणखोलीत बसायला जागा नव्हती. अर्धवट शिवलेल्या झग्यांच्या मधे स्टुलावर दादा, खुर्चीत सून, दारापाशी बॅटरीवाली, आणि मशीनपाशी काकू. आत्याने सगळ्यांना बोलावलं होतं. फक्त छोटूला नाही.

"ते ड्यूटीवर आहेत," सून म्हणाली. "त्यांनाच तर सगळ्यात जास्त काळजी आहे."

"म्हणूनच," आत्या म्हणाली. "आता ऐका. आपण सगळ्यांनी एकच चूक केली. आधी भुकटी पाहून छोटू म्हणाला भुंगा, मग आपल्याला जे दिसेल, जे ऐकू येईल ते तसलंच वाटायला लागलं. आवाज आला, म्हणालो उंदीर. चट्टा दिसला, म्हणालो ढेकूण. केस दिसला तर तीही मिशी. जरा बाजूला ठेवू हे सगळं आणि जे आहे तेच वाचू."

तिने चमचा पुढे केला. "ही भुकटी चिकट आहे. वास घ्या."

बॅटरीवालीने घेतला. "चीड? चिडाच्या झाडाचा डिंक?"

"राळ. वाळलेली राळ घासली की पांढरी पडते." मग आत्याने कागद उलगडला. "हा केस माणसाचा नाही, उंदराचाही नाही. हा घोड्याच्या शेपटीचा आहे."

"घोडा?" दादा दचकले. "माझ्या कपाटावर?"

"तिसरी गोष्ट, आवाज. पायऱ्या चढतो, पायऱ्या उतरतो, चुकला की पहिल्यापासून. उंदराला चुकलं हे कळत नाही, दादा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून करतो तो विद्यार्थी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने खिडकीत चिंध्या कोंबल्या, पण पायाखालच्या जमिनीचा विचार त्याला सुचला नाही. चौथी गोष्ट, चट्टा. डाव्या जबड्याखाली, नेहमी तिथेच. पाचवी, डाव्याच हाताच्या बोटांवर तारांच्या रेघा. आणि शेवटची गोष्ट वार. सोमवार आणि गुरुवार दुपारी मी वाचनालयात, सूनबाई वर्गात, दादा बागेत. किल्ल्या चार. तीन माणसांचा हिशोब लागला."

सुनेचं तोंड उघडं राहिलं. "पण आत्या, हे कसं शक्य आहे? त्यांनीच तर... तक्ते त्यांनीच केले! तिघांना बोलावलंही त्यांनीच!"

"तेच तर मला कळत नव्हतं. चोर स्वतः कशाला पोलीस बोलावेल? मग काल त्याचे डोळे पाहिले आणि उलगडलं. आपणच तो उंदीर आहोत, हे त्याला माहीतच नाही."

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून चौदा मिनिटं. मशीनच्या चाकावर त्यांचा हात थबकला.

आणि छतावरून आवाज आला.

चूं. चूं. चूंऽऽ.

७

चौघीजणी आणि दादा एकामागून एक जिना चढले. सुनेला दादांनी हात दिला. आत्याने किल्ली फिरवली. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून पडदे ओढलेले, आणि पायरी पायरीने चढणारा तो करुण आवाज.

आत्याने दार ढकललं.

कपाटाला टेकून, अंधुक उजेडात, छोटू उभा होता. हनुवटीखाली एक जुनं व्हायोलिन दाबलेलं, उजव्या हातात पांढऱ्या केसांचा गज, भुवया ताणलेल्या. दारात एवढी माणसं बघून तो गोठला. त्याची नजर एकेकावरून फिरत बॅटरीवालीवर थांबली, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बरं झालं आलात! सापडला का उंदीर?"

आधी दादा हसले. ते हसू पोटातून आलं आणि थांबेचना. मग काकू, मग बॅटरीवाली. सून दाराच्या चौकटीला धरून हसत होती, डोळे पुसत होती, पोटाला आधार देत होती. छोटू व्हायोलिन घेऊन तसाच, काही न कळून उभा.

आत्याने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता लाल होत गेला.

"ती राळ होती? पण राळ तर तपकिरी असते! हे बघ ना," त्याने खिशातून मधासारख्या रंगाची वडी काढली. "इथेच कप्प्यावर हात टेकवून गजाला घासतो मी. अंधारात काय दिसतंय खाली पडलेलं! आणि आवाज दाबायला हा रबराचा तुकडा लावला होता. मला वाटलं, खोलीबाहेर जातच नसेल." मग त्याचा चेहरा पडला. "काकू, खरंच उंदरासारखं वाटतं?"

काकूंनी मापाची टेप बोटाला गुंडाळली, सोडली. "मोठ्या उंदरासारखं," त्या समजूत घालत म्हणाल्या.

"पण लपवायचं काय त्यात?" सुनेने विचारलं. तिचं हसू थांबलं होतं.

छोटू खाली बघून बोलला. "शाळेत मला गाण्याच्या तासाला बाहेर उभं करायचे. सगळ्यांचा सूर बिघडवतो म्हणून. मग घरीही तीच थट्टा झाली. सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडतोय. वाटलं, बाळ यायच्या आत एक गोष्ट तरी स्वतःची शिकावी. आगाराजवळ एक म्हातारे शिक्षक आहेत, ते दोन ते तीन शिकवतात. मग इथे येऊन पाऊण तास, आणि व्हायोलिन परत त्यांच्याकडे ठेवून यायचं. हजेरीपट वगैरे काही नसतं. खोटं बोललो."

कुणी काही म्हणायच्या आत दादांनी घसा खाकरला. घरातल्या थट्टेत त्यांचा वाटा मोठा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुढे होऊन व्हायोलिन हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, कानाशी धरून टकटक केलं. "इथला सांधा सुटत आलाय. उद्या चिकटवून देतो." आणि परत देताना, दुसरीकडे बघत म्हणाले, "लाकूड चांगलं आहे. वाजवत जा."

पावणेसहाला फोन आला. टायवाल्याचा माणूस निघाला होता. छोटूनेच घेतला.

"नको," तो म्हणाला. "आम्ही दुसऱ्यांना काम दिलंय... उंदीर? हो, होता. घरातलाच निघाला. नाही नाही, मारायचा नाही. बायको म्हणते, राहू दे."

८

शनिवारी दहा वाजता बॅटरीवाली यायची होती. डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचून होकार दिला होता, नळवाल्याने गळका पाइप बदलला होता. त्याआधी सिंकखालचं आणि मांडणीवरचं सगळं सामान बाहेर काढायचं, अशी तिची सूचना होती.

नऊ वाजता घरभर डबे, बरण्या, झाकणं पसरली होती. दादा कोपरे कोरडे करत होते, आत्या डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती, काकू उगीचच वर आल्या होत्या आणि कापडाचे तुकडे वाटत होत्या. छोटू बादली घेऊन निघाला तसं सुनेने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही तिकडे उभे राहा. वाजवा."

"आत्ता? सगळ्यांसमोर? काम चालू असताना?"

"आम्ही हातांनी काम करतोय. कान मोकळेच आहेत."

छोटू खिडकीपाशी उभा राहिला. सरळ, भर उजेडात, पडदे सताड उघडे. त्याने गज टेकवला. पहिला सूर थरथरला, दुसरा जरा बरा होता. साधं, लहान मुलांचं गाणं होतं ते. तिसऱ्या ओळीला तो घसरला, सावरला, पुढे गेला.

आणि मग आणखी एक आवाज आला.

सून, खुर्चीत बसून बरण्या पुसता पुसता, गायला लागली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण तिला कुणी कधी साधं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. आत्याची चिठ्ठी बोटालाच चिकटून राहिली. दादा फडकं हातात धरून वळले. चौतीस वर्षांच्या सवयीने आत्याने चूक टिपली. एखाददुसरा सोडला तर प्रत्येक सूर चुकत होता. सुरांच्या हिशोबाने छोटू एका घरात होता, सून दोन घरं पलीकडे, आणि दोघंही जीव ओतून गात-वाजवत होते.

"तुला गाता येतं?" छोटू गज न थांबवताच ओरडला.

"नाही!" सून आनंदाने ओरडली. "मलाही बाहेर उभं करायचे!"

आत्याने दादांकडे पाहिलं. दादांनी आत्याकडे. मग आत्याने तोंडातल्या तोंडात हसत पुढची बरणी उचलली, आणि एकाही सुराखाली लाल रेघ न ओढता, दुसरं कडवं ऐकत बसली.